वाचन समितीस खुलं पत्र: चीअरलीडिंगची पुस्तकं खेळाच्या यादीतून का काढलीत?

मंडळाच्या उन्हाळी वाचन उपक्रमाच्या समितीतल्या सगळ्या ताई-दादांना सप्रेम नमस्कार.

आपण एकमेकांना चांगले ओळखतो, गणपतीत मखर एकत्र उभं केलंय, एकमेकांच्या गाड्या जम्पस्टार्ट केल्यात, त्यामुळे हे सगळं फोनवर बोलता आलं असतं असं तुम्ही म्हणाल. फोन केला होता. ईमेलही केली. उत्तर आलं नाही म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. मंडळाचं नाव कुठेच घेत नाही, कारण भांडण मंडळाशी नाही, एका निर्णयाशी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही अमेरिकेत, डॅलसच्या भागात राहणारी मराठी मंडळी, आणि यंदा आमच्या वाचन उपक्रमाचा विषय होता खेळ. आठवी ते बारावीच्या मुलांनी खेळावरच्या कथा-कादंबऱ्या निवडायच्या, वाचायच्या आणि ऑगस्टच्या कार्यक्रमात त्यावर मराठीत बोलायचं. कल्पना झकासच आहे, मी स्वतः चार पालकांना गळ घातली होती मुलांची नावं द्या म्हणून. माझ्या अकरावीतल्या मुलीने स्पर्धात्मक चीअरलीडिंगवरची पुस्तकं निवडली. यादी जाहीर झाली तेव्हा त्यात बेसबॉल होता, पोहणं होतं, बॉक्सिंग होतं, बुद्धिबळसुद्धा होतं, आणि तिच्या नावापुढे शेरा होता की हे खेळात बसत नाही, शिवाय पुस्तकांचे विषय मुलांसाठी योग्य नाहीत, दुसरं काही सुचवावं. त्यावर ग्रुपमध्ये कोणीतरी लिहिलं "आयपीएलवाल्या का?" आणि मग हसणाऱ्या इमोजींची रांग लागली.

मुलगी काही बोलली नाही, तिला सवय आहे. मला नाहीये.

आधी आयपीएलचं मिटवून टाकू. आपल्यापैकी बहुतेकांनी चीअरलीडर पहिल्यांदा बघितली ती 2008 मध्ये, टीव्हीवर, षटकार गेला की नाचणारी. बंगळुरूच्या टीमसाठी तर वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या चीअरलीडर्सचा ताफा आणला होता, आणि महाराष्ट्रात मंत्र्यांपर्यंत वाद गेला होता की हे आपल्या संस्कृतीत बसतं का. त्या बायका नोकरी करत होत्या, त्यांच्या नोकरीला हसायचंही काही कारण नाही, पण तो वेगळा प्रकार आहे. शाळेच्या मॅचला बाजूला उभं राहून घोषणा देणं हा दुसरा. आणि तिसरा प्रकार, ज्यात माझी मुलगी आहे, त्यात चीअर करायला समोर कुठली टीमच नसते. जिम असतं, मॅट असते, जज असतात, अडीच मिनिटांचं रुटीन, म्हणजे उड्या, कसरती आणि नाच यांचं ठरवून बसवलेलं सादरीकरण असतं आणि चुकलं की मार्क कापले जातात, त्याला डिडक्शन म्हणतात. एकही चूक झाली नाही तर त्याला हिट झिरो म्हणतात, आणि त्या एका झिरोसाठी ही पोरं वर्षभर मरतात. इथे डॅलसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये दर हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा होते, तुम्ही त्याच भागात पार्किंग मिळत नाही म्हणून वैतागलेले असता, ती गर्दी याचीच.

माझी मुलगी बॅकस्पॉट आहे. स्टंट ग्रुपमध्ये, म्हणजे एकीला हातांवर उचलून वर धरणाऱ्या गटात, साधारण चौघी असतात, दोघी बेस ज्यांच्या हातांवर वरच्या मुलीचे पाय असतात, एक फ्लायर जी वर जाते आणि जिचा फोटो येतो, आणि मागे एक उंच मुलगी जी मोठ्याने मोजते, घोटे धरून वजन स्वतःकडे ओढून घेते, आणि वरची कोसळली तर तिचं डोकं आणि मान जमिनीला लागू द्यायची नाही ही जबाबदारी तिच्यावर असते. डोळे सतत वर. स्वतः पडायची परवानगी नाही. कोपर नाकावर बसलं तरी चेहऱ्यावर हसू ठेवायचं कारण त्याचेही मार्क आहेत. ती अशी उभी असते म्हणून मला या विषयावर बोलायचा हक्क आहे असं मी समजतो.

आता तुमच्या शेऱ्याकडे येतो. पहिला मुद्दा, "खेळात बसत नाही".

तुमच्यातले निम्मे लोक गिरगाव, दादर, ठाण्याचे आहेत. थर लावणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगावं? दहीहंडीत खालच्या थरातल्याच्या खांद्यावर काय वजन येतं, वरून पोर निसटलं तर त्याला झेलायला कोण असतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कोणाचा येतो, हे तुम्हाला पाठ आहे. 2014 मध्ये हायकोर्टाने 20 फुटांची मर्यादा आणि 18 वर्षांखालच्यांना बंदी असा निकाल दिला तेव्हा आपल्यातलेच काही जण चिडले होते, आणि 2022 मध्ये राज्य सरकारने गोविंदाला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला तेव्हा याच ग्रुपवर नऊ थरांचे व्हिडिओ फिरत होते, सगळ्यांची छाती फुगली होती. माझीही. मग इथे आपलीच मुलगी माणसांवर माणसं उभी करते तर तो खेळ नाही, आणि तिकडे तो साहसी खेळ, हे कसं काय?

आणि फक्त भावनेने म्हणत नाहीये. ऑलिम्पिक समितीने 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय चीअर युनियनला तात्पुरती आणि 2021 मध्ये पूर्ण मान्यता दिली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्येच सांगितलं की याला खेळ म्हणून मान्यता द्या, म्हणजे शिकलेले कोच, ट्रेनर आणि डॉक्टर मिळतील. त्याच निवेदनात आकडा आहे की हायस्कूलच्या खेळाडू मुलींना होणाऱ्या अत्यंत गंभीर दुखापतींमध्ये, म्हणजे कवटी, मणका, कायमचं अपंगत्व असल्या, जवळजवळ दोन-तृतीयांश एकट्या चीअरलीडिंगमधल्या होत्या. एकूण दुखापतींचं प्रमाण मुलींच्या बाकी बऱ्याच खेळांपेक्षा कमीच आहे हेही त्यातच लिहिलंय, म्हणजे उगाच घाबरवायचं नाहीये मला. पण जे होतं ते फार वाईट होतं. त्यामुळे "खेळ नाही" हे वाक्य नुसतं अपमानाचं नाही. खेळ नाही म्हटलं की ट्रेनरही नाही, नीट जागाही नाही, मग टीम शाळेच्या कॉरिडॉरमध्ये फरशीवर स्टंट करते.

दुसरा मुद्दा, "विषय योग्य नाहीत". इथे मला हसावं की रडावं कळेना, कारण माझ्या मुलीला नेमकं हेच बोलायचं होतं!

तिचा विषयच तो होता की चीअरलीडिंगच्या गोष्टींमध्ये चीअरलीडिंग कुठे असतं. लायब्ररीत शोधा, ज्या पुस्तकाच्या कव्हरवर पॉमपॉम आहे त्यात पहिल्या चाळीस पानांत एक मुलगी मेलेली असते, नाहीतर तिला कोणीतरी मारायला टपलेलं असतं, नाहीतर ती स्वतःच डायन, व्हॅम्पायर, ब्लॅकमेलर यापैकी काहीतरी निघते. उरलेल्यांत ती नायिकेचा बॉयफ्रेंड पळवते. युनिफॉर्म असतो, बो असतो, लॉकर रूम असते. प्रॅक्टिस नसते. बेसबॉलच्या पुस्तकात पोराच्या मनगटाचा कोन कसा बदलला यावर तीन पानं असतात आणि ती आपण भक्तिभावाने वाचतो, पण फ्लायरला वर जाताना घोटा घट्ट धरावा लागतो, पोट आत ओढावं लागतं, खाली बघितलं की संपलं, हे लिहायला कोणाला वेळ नाही.

तिने निवडलेल्यांपैकी एक मेगन अॅबटची "डेअर मी", 2012 ची. मी पण वाचली. बाईंना मॅट कळते, शंभर टक्के. शरीर, भूक, निळे डाग, नव्या कोचच्या एका शब्दासाठी पोरी काय काय करतील ते सगळं अंगावर येतं. पण मग गोष्ट एका मेलेल्या पुरुषाकडे वळते आणि पिरॅमिड मागे पडतो. ती मोठ्यांची कादंबरी आहे, त्यावर वयाचा आक्षेप असेल तर बसून बोलू, मी ऐकेन. पण दुसरं पुस्तक तुम्ही का काढलंत? ई. के. जॉन्स्टनची "एक्झिट, पर्स्यूड बाय अ बेअर", 2016. कॅनडातल्या छोट्या गावातली चीअर टीमची कॅप्टन, कॅम्पमध्ये तिच्या पेयात काहीतरी मिसळून तिच्यावर बलात्कार होतो. हो, विषय जड आहे. पण त्या पुस्तकात ती प्रेत होत नाही, बदनाम होत नाही, सूड घेत फिरत नाही. तिची मैत्रीण, तिची टीम, तिचे आईबाप तिच्या बाजूने उभे राहतात आणि ती परत मॅटवर जाते. टीम हा शब्द त्या पुस्तकात खरा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुली कॅम्पला पाठवणाऱ्या आईबापांनी आधी ते वाचायला हवं, आणि आपण ते विषय योग्य नाही म्हणून बाजूला ठेवलं.

सिनेमाचं म्हणाल तर 2000 सालचा "ब्रिंग इट ऑन" तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी कॉलेजात बघितलाय आणि टाइमपास म्हणून विसरलाय. त्याचा गाभा आठवतोय का? सॅन डिएगोच्या पैसेवाल्या टीमला कळतं की ज्या रुटीनवर आपण बक्षिसं मारली ती आपल्या जुन्या कॅप्टनने ईस्ट कॉम्प्टनच्या काळ्या मुलींच्या टीमकडून चोरली होती. आणि शेवटी जिंकते ईस्ट कॉम्प्टनच. 2000 मध्ये एका हलक्याफुलक्या सिनेमाने हा प्रश्न घेतला होता! नंतरच्यांनी त्यातून काय उचललं तर चिडवाचिडवी आणि स्कर्ट.

मुलं असली की गोष्ट बदलते बरं का. जपानी लेखक असाई रिओची "चीअर डान्शी" ही 2010 ची कादंबरी, तिच्यावर 2016 मध्ये अॅनिमे आलं जे माझ्या मुलीने मला जबरदस्तीने दाखवलं. ज्युडोवाल्या घरातला मुलगा, खांदा दुखावलेला, तो ज्युडो सोडून मित्राबरोबर कॉलेजात पुरुषांची चीअर टीम काढतो. एकही खून नाही. कोणाला बॅकफ्लिप येत नाही, कोणाचं वजन जास्त, कोणाला पडायची भीती, आणि तेवढ्यावर सगळी गोष्ट चालते, मी सकाळचा चहा विसरून बघत बसलो. म्हणजे जमतं. मॅटवरच्या गोष्टीत दम आहे, फक्त ती मुलांची असली की खेळकथा होते आणि मुलींची असली की क्राइम होते, असं माझं मत झालंय. गंमत म्हणजे हा प्रकार सुरूच मुलांनी केला, 1898 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात, तिथे मुली आल्या 1923 मध्ये. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयसेनहॉवर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चीअरलीडर होते, धाकटे बुश शाळेत. इमोजीवाल्यांनी त्यांनाही हसून दाखवावं.

तिसरा मुद्दा तुमच्यावर नाही, गोष्टी लिहिणाऱ्यांवर आहे, पण समितीतले तिघे मंडळाच्या दिवाळी अंकात लिहितात म्हणून इथेच सांगतो. आपल्या इकडच्या मराठी कथांमध्ये चीअरलीडर कोण असते? शाळेतली ती गोरी, सोनेरी केसांची, जी आपल्या नायिकेच्या डब्याला नाक मुरडते. वर्षानुवर्षं तीच. कथेच्या शेवटी आपली हुशार मुलगी स्पेलिंग बी नाहीतर भरतनाट्यम जिंकते आणि ती गोरी तोंड पाडून उभी. अहो, आता आपल्याच पोरी त्या युनिफॉर्ममध्ये आहेत. माझ्या मुलीच्या टीममध्ये केसांच्या आंबाड्याला तेल लावून येणारी एक तमिळ मुलगी आहे, रविवारी देवळातून थेट प्रॅक्टिसला येते. तिची गोष्ट कोणी लिहिणार की नाही? तिच्या आजीला ती काय सांगते, स्कर्टच्या लांबीवरून घरात काय होतं, फीचे पैसे बघून बाप गप्प का होतो, हे कोणाला लिहावंसं वाटत नाही का?

फीवरून आठवलं. खऱ्या आयुष्यातली भांडणं पुस्तकांपेक्षा कितीतरी मोठी आहेत आणि त्यातला खलनायक सोळा वर्षांची मुलगी नाही. वर्सिटी नावाची कंपनी आहे, स्पर्धा ती भरवते, युनिफॉर्म ती विकते, कॅम्प ती घेते. तिच्यावरच्या मक्तेदारीच्या खटल्यांत 2023 मध्ये 4 कोटी 35 लाख डॉलर आणि 2024 मध्ये 8 कोटी 25 लाख डॉलर भरपाई देण्यावर तडजोड झाली. क्विनिपियाक विद्यापीठाने मुलींची व्हॉलीबॉल टीम बंद करायचं ठरवून स्पर्धात्मक चीअर काढली, व्हॉलीबॉलच्या मुली कोर्टात गेल्या, 2010 मध्ये न्यायाधीश म्हणाले की चीअर अजून टायटल नाइनसाठी, म्हणजे शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणाऱ्या कायद्यासाठी, खेळ म्हणून मोजता येत नाही, पुढे 2012 मध्ये अपिलातही तेच. व्हॉलीबॉलवाल्यांचं बरोबर होतं. चीअरच्या मुलींचंही चुकलं नव्हतं. दोघींना समोरासमोर उभं केलं ते पैसे वाचवणाऱ्या ऑफिसने. यावर एक कादंबरी दाखवा मला.

किंवा 2006 मध्ये सेंट लुइसला बास्केटबॉल मॅचमध्ये सदर्न इलिनॉयची मुलगी पिरॅमिडवरून डोक्यावर पडली, मानेचा मणका तडकला, आणि स्ट्रेचरवरून नेताना बँड वाजायला लागला तर ती पडल्या पडल्या हातांनी रुटीन करत होती. सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या, काय ती जिद्द! मला ती क्लिप बघवत नाही. तिला असं कोणी शिकवलं की मान मोडली तरी हात हलले पाहिजेत? त्यानंतर बास्केटबॉलच्या कोर्टवर मॅटशिवाय उंच पिरॅमिड आणि बास्केट टॉसवर (फ्लायरला हातांवरून उंच हवेत फेकून झेलणं) बंदी आली हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

2020 च्या नेटफ्लिक्सच्या माहितीपटाने, "चीअर"ने, निदान प्रॅक्टिस दाखवली. इथून तासाभरावर कोर्सिकानाला नवारो कॉलेज आहे, तिथली टीम. पडणं, बरगड्या, परत वर जाणं, तेच तेच दिवसभर. लोकांना एकदम साक्षात्कार झाला की अरे हे कठीण आहे. पण त्यातल्याच एका लाडक्या मुलाला 2022 मध्ये अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाच्या गुन्ह्यांत 12 वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी साउथ कॅरोलायनातून जिम आणि कोचेसवर दावे सुरू झाले. म्हणजे काळोख खरा आहे, मी कुठे नाकारतोय. फक्त तो पोरींच्या लॉकर रूममधल्या हेव्यादाव्यात नाही. तो मोठ्या माणसांकडून येतो, आणि पुस्तकं अजून पोरींकडेच बोट दाखवतायत.

हे सगळं तिला दहा मिनिटांत मराठीत सांगायचं होतं. तयारी केली होती, "डिडक्शन"ला काय म्हणू, "बेस"ला काय म्हणू असं आजीला व्हिडिओ कॉलवर विचारून झालं होतं. आजी म्हणाली जे म्हणता तेच म्हण, कळतंय आम्हाला.

तर माझ्या मागण्या, सरळ सांगतो.

एक, तिचं नाव आणि तिचा विषय यादीत परत घ्या. "डेअर मी" नको असेल तर कारण लिहून द्या, ती दुसरं निवडेल, पण विषय चीअरलीडिंगच राहील.

दोन, कोणता खेळ यादीत बसतो हे कोणी आणि कशावरून ठरवलं ते सगळ्या पालकांना कळवा. पुस्तक न वाचता "योग्य नाही" असा शेरा पुन्हा नको. ही पुस्तकं समितीतल्या कोणी वाचली होती का, एवढं तरी सांगा.

तीन, ग्रुपवरची ती कमेंट अॅडमिनने काढावी. माफी मला नको, त्या ग्रुपमध्ये सतरा वर्षांची पोरंही आहेत आणि ती सगळं वाचतात एवढं लक्षात ठेवा.

चार, पुढच्या वर्षी समितीत दोन मुलं घ्या, हायस्कूलची. आपण पन्नाशीचे लोक बसून त्यांचं वाचन ठरवतोय.

पाच, दिवाळी अंकाच्या संपादकांना विनंती, यंदाच्या कथास्पर्धेत खेळ हा विषय ठेवा आणि सूचनेत लिहा की नाक मुरडणारी गोरी चीअरलीडर चालणार नाही. लिहिणाऱ्या कोणालाही प्रॅक्टिस बघायची असेल तर मी जिमच्या ओनरशी बोलून पालकांच्या बाकावर जागा करून देतो, कॉफी माझ्याकडून.

उत्तर ग्रुपवरच द्या, खासगी नको. आणि होकार असेल तर एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो, मे मध्ये नवी टीम लागलीय, मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी प्रॅक्टिस असते आणि एकही चुकवता येत नाही कारण बॅकस्पॉट नसेल तर स्टंट वर जात नाही, तेव्हा कार्यक्रमाची तालीम कृपया त्या दोन दिवशी ठेवू नका.

आपला,
एका बॅकस्पॉटचा बाबा